प्रकल्प नोंदी : उजवा गुडघा

१४ एप्रिल २०२४

शेडवरचा बेदाणा उतरला आणि हिला मिरजेला घेऊन गेलो. आजवर आम्ही गुडघ्याचा जो एक्स-रे फोटो दाखवत फिरत होतो तो झोपवून काढलेला. त्यात हाडांमध्ये थोडी फट दिसायची, आणि जो तो "वंगण कमी झालंय" म्हणून गोळ्या लिहून द्यायचा. या वेळी उभं करून फोटो काढला. आतल्या बाजूला फट नाहीच, हाडावर हाड. सांध्याची झीज ठरवणाऱ्या केलग्रेन-लॉरेन्स मोजपट्टीची चौथी पायरी, आणि त्या मोजपट्टीला पाचवी पायरी नाही. डावाही फार मागे नाही.

सर्जननी मग फोटो बाजूला ठेवला आणि हिलाच विचारलं : रात्री झोपमोड होते का, सलग किती चालता, जिना कसा उतरता? ही म्हणाली, "उलटी उतरते. कठड्याला धरून." हे मला माहीत नव्हतं. मी घरात असताना ती वर जातच नसे.

दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकलेत. खुब्याचा मध्य, गुडघ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य एका रेषेत यायला हवेत. हिच्या बाबतीत ती रेषा गुडघ्याच्या मध्याऐवजी आतल्या बाजूने जाते, म्हणून सगळा भार आतल्या कप्प्यावर येतो, तो कप्पा आणखी झिजतो आणि पाय आणखी वाकतो. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेवर नोकरी काढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. सांधा बदलायचं ऑपरेशन आधी उजव्याचं करायचं, डाव्याचं नंतर बघू असं ठरलं. मधुमेह असल्यामुळे दोन्ही एकदम नकोत.

आजचं मोजमाप, उजवा : सरळ होण्यात १२ अंश कमी, वाकणे १०५.

२ मे

घराचं काम सुरू.

वॉकर पुण्याहून लेकीने पाठवला. रुंदी २४ इंच. न्हाणीघराची चौकट आतून २६. जातो, पण बोटांची सालटी निघतील. दाराची फळी बिजागरीतून काढून ठेवली, तिथे पडदा. ही म्हणाली, "पाहुणे आल्यावर?" म्हटलं, पाहुण्यांनी परसातल्या संडासात जावं.

कमोड बसवला. दुकानदार १८ इंच उंचीचा घ्या म्हणून मागे लागला होता, म्हाताऱ्या माणसांना उंच बरा म्हणे. हिची उंची पाच फूट. खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजलं तर १५ इंच भरलं. १८ इंचावर पाय लोंबकळत राहतील. १६ इंचाचा घेतला आणि सुरुवातीच्या दिवसांसाठी वर बसवायची काढता येणारी उंच सीट वेगळी आणली. पुढे ती काढून टाकता येईल.

धरायच्या दांड्या : स्टीलच्या, उजव्या हाताला एक आडवी, एक उभी. प्लंबरने प्लॅस्टिकच्या गुल्ल्या काढल्या तेव्हा त्याला थांबवलं. टाइलच्या मागे पोकळ वाजत होतं. विटेपर्यंत भोक पाडून अँकर फास्टनर घातले आणि माझं पूर्ण वजन टाकून लोंबून पाहिलं. ही दारात उभी राहून हसत होती.

उंबऱ्यावरून थोडा वाद झाला. माजघराचा दगडी उंबरा चार इंच उंच आहे. वॉकर घेऊन तो ओलांडणं धोक्याचं. फोडायला ही तयार नाही. उतार करायचा तर एकास बारा, म्हणजे दोन्ही बाजूला चार-चार फूट जागा हवी, आणि तेवढं माजघरच नाही. शेवटी पलंगच मागच्या खोलीत हलवला. पलंग ते कमोड वाटेत उंबरा येत नाही. पायपुसणी, सतरंज्या, फ्रिजमागची वायर, सगळं उचललं.

२६ मे

तीन महिन्यांची सरासरी साखर एप्रिलमध्ये ८.४ होती. आठच्या आत आल्याशिवाय तारीख मिळणार नाही असं बजावलं होतं. आज ७.८. आंब्याच्या दिवसांत हे करून दाखवल्याबद्दल हिला मानलं पाहिजे.

दातांच्या डॉक्टरकडे एक किडलेली दाढ काढली. टाचांच्या भेगा आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांवर मलम चालू आहे. धातूचा सांधा आत बसवायचा म्हणजे शरीरात कुठेही जंतूंना वाट राहता कामा नये. रक्तातून ते तिथे पोचले की औषध सहज पोचत नाही. दुसरं ऑपरेशन करावं लागतं, आणि ते पहिल्यापेक्षा जड.

फिजिओथेरपीच्या मुलीने व्यायाम आत्ताच शिकवले. मांडीचा पुढचा स्नायू दुखण्यामुळे वापरलाच जात नाही आणि बारीक होतो. ऑपरेशननंतर कामाला तोच लागतो. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, गुडघा गादीत दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. "काकू, टीव्ही बघताना करा." ही टीव्ही बघताना लसूण सोलते. आता दोन्ही चालतं.

१८ जून

ऑपरेशन झालं. कमरेतून भूल, आणि मांडीत दुखणं थांबवण्याची वेगळी सुई. दीड तासाच्या आसपास आत होती.

नंतर सर्जननी नमुन्याचा सांधा हातात दिला. अख्खा गुडघा काढून टाकतात असा समज मीही ऐकला होता. तसं नाही. मांडीच्या हाडाच्या आणि नडगीच्या टोकांचे साधारण ८ ते १० मिलिमीटरचे काप काढतात. वर कोबाल्ट-क्रोमची टोपी, खाली धातूची थाळी आणि दोहोंच्या मध्ये पॉलिइथिलीनची चकती. बाजूचे बंध हिचेच.

"सिमेंट" म्हणतात ते आपलं सिमेंट नव्हे. पीएमएमए नावाचं प्लॅस्टिक आहे ते. भुकटी आणि द्रव मिसळला की गरम होत होत दहा-पंधरा मिनिटांत कडक होतं. ते चिकटवत नाही. हाडाच्या जाळीत शिरून अडकून बसतं आणि धातू व हाड यांमधली पोकळी भरून काढतं. आमच्या भाषेत ग्राउट. क्युरिंग नाही, म्हणून उद्या सकाळीच उभं करणार. आम्ही पंपहाउसच्या फाउंडेशनला एवढ्या लवकर कधी भार दिला नाही.

सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर केसपेपरवर लावतात, त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवला. पुढे कधी काही करावं लागलं तर तोच कागद विचारतात. बिलातली सांध्याची ओळही तपासली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने या सांध्यांच्या किमतीला टोपण घातलं. कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी. त्याआधी याच वस्तूचे दीड-दोन लाख मोजलेले लोक आमच्या गल्लीत आहेत.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "वाजपेयींनी केलं तेच ना हे?" तेच. ऑक्टोबर २०००, ब्रीच कँडी, न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत. पंतप्रधानांचा डावा गुडघा तेव्हा आणि उजवा पुढच्या वर्षी जूनमध्ये. आमच्याकडे हे ऑपरेशन माहीत झालं ते त्या बातम्यांमुळे.

टेबलावर पाय पूर्ण शून्यावर आला होता, असं सर्जननी आवर्जून सांगितलं. "सरळ मी करून दिलाय, सरळ ठेवायचं काम तुमचं."

१९ जून

सकाळी वॉकर धरून उभी राहिली. चार पावलं टाकली, घाम फुटला, बसवली. दुपारी दारापर्यंत. भुलीचा असर उतरल्यावर संध्याकाळी दुखायला लागलं. या दुखण्याबद्दल कोणी नीट सांगत नाही. "आता तंत्र फार पुढे गेलंय" एवढंच ऐकवतात. पहिले काही दिवस जबरदस्त दुखतं. गोळी दुखणं वाढल्यावर घेण्यापेक्षा वेळेवर घेतलेली बरी, व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी.

२१ जून

जिन्याच्या तीन पायऱ्या करून दाखवल्यावरच घरी सोडलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. हिने लगेच "वर जाताना देवाचा, खाली येताना दैत्याचा" असं करून टाकलं. वॉर्डातल्या बायका दिवसभर तेच म्हणत होत्या.

गाडीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, आधी बूड टेकवून मग पाय आत. तासगावपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला हिने ठेकेदाराचा उद्धार केला.

२४ जून

आज भांडण झालं, पण उपयोगी.

मेहुणी सोबतीला आली आहे. तिने मायेने गुडघ्याखाली जाड उशी ठेवली. हिला लगेच बरं वाटलं, डोळा लागला. दुपारी फिजिओथेरपीची मुलगी आली आणि तिने पहिली ती उशी काढली. मेहुणी रागावली, "दोन घटका झोपली होती बिचारी."

बरं वाटतं ते खरंच आहे. गुडघा तीस अंशांच्या आसपास वाकलेला असला की सांध्याच्या पिशवीत सगळ्यात जास्त पाणी मावतं, ताण उतरतो. म्हणून सुजलेला गुडघा आपोआप त्या स्थितीत जाऊन बसतो. पण तसाच राहिला तर मागचे स्नायू आणि पिशवी आखडून त्याच मापाची होते. मग उभं राहिल्यावरही गुडघा किंचित वाकलेला, मांडीचा स्नायू सतत ताणलेला, पाय आखूड पडल्यासारखा, आणि माणूस लंगडतो. नवा सांधा घालून जुनीच चाल.

उशी टाचेखाली चालते. टाच उंच, गुडघा अधांतरी, त्याच्याच वजनाने खाली येऊ द्यायचा. दहा मिनिटं. हिला हे वाकवण्यापेक्षा जास्त दुखतं. मी भिंतीवर कागद लावला : "उशी फक्त टाचेखाली." मेहुणी वाचून स्वयंपाकघरात गेली. पोळ्या मात्र मऊ होत्या.

सरळ : १० कमी. वाकणे : ६५.

टेबलावरच्या शून्याचे सहा दिवसांत दहा झाले. यापुढे रोज घरी मोजणार. मोबाइलमध्ये पातळी दाखवणारं ॲप आहे. मोबाइल आधी मांडीवर, मग नडगीवर ठेवायचा, दोन कोनांतून गुडघ्याचा कोन निघतो. फिजिओथेरपीच्या मुलीकडच्या कोन मोजायच्या गोनिओमीटरशी ताडून पाहिलं, दोन-तीन अंशांचा फरक. रोजची चढउतार बघायला पुरेसं आहे.

२८ जून

बर्फ. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, पाणी भरून, आडव्या गोठवल्या. ओल्या पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, व्यायामानंतर. वीज गेली की सगळं ओमफस, म्हणून समोरच्या घरातही चार पिशव्या ठेवल्यात.

गोळ्यांमुळे पोट साफ होत नव्हतं. रात्री इसबगोल, सकाळी पपई. दुखण्याइतकीच तिने याची तक्रार केली, आणि डिस्चार्जच्या कागदावर याची एक ओळही नाही.

३ जुलै

स्टेपल काढले. जखम कोरडी. मेहुणीने आणलेलं निर्गुंडीचं तेल तूर्त कपाटात. जखम पूर्ण भरेपर्यंत त्यावर काही लावायचं नाही, आणि पोटरी तर चोळायचीच नाही. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

सरळ : ८ कमी. वाकणे : ८५.

९ जुलै

सकाळी पोटरी टम्म आणि घोट्यापर्यंत निळीकाळी. ही म्हणे, रात्रीपासून जड वाटतंय. फोन केला, त्यांनी थांबू नका म्हटलं. सांगलीत डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, केली. गुठळी नाही. ऑपरेशनच्या जागेचं रक्त उतरत उतरत खाली येतं, त्याचा तो रंग. रक्त पातळ ठेवायची गोळी चालूच. घोटे वर-खाली हलवण्याचा व्यायाम तिला फालतू वाटायचा, आज गाडीत बसल्या बसल्या करत होती.

१७ जुलै, आषाढी

टीव्हीवर पंढरपूर, घरात पाहुण्यांची रीघ. वारीला गेलेल्यांपेक्षा न गेलेलेच जास्त आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न : "किती वाकतो?" मग त्यांच्या आत्याचा, साडूचा, सोसायटीच्या चेअरमनचा किती वाकतो ते ऐकायचं. अमकी मांडी घालून बसते, तमकीचा ऐंशीवरच अडकला. किती सरळ होतो हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

वाकण्याचं महत्त्व आहेच. सपाट चालायला साठ-सत्तर अंश लागतात, जिन्याला त्याहून जास्त, खुर्चीतून उठायला नव्वदच्या वर. पण वाकणं नजरेत भरतं आणि पाहुण्यांना दाखवता येतं, म्हणून सगळा जोर तिकडे. ही पण पाहुणे आले की टाचेखालची उशी सरकवून पाय वाकवून दाखवायला लागली. संध्याकाळी मोजलं : वाकणे १०० (कौतुक आहे), सरळ पुन्हा ८ कमी. गेल्या आठवड्यात ६ होतं.

हिला म्हटलं, "अगं, उद्यापासून कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव." ती म्हणाली, "अहो, गुडघा माझा आहे." तेही बरोबर. शेवटी तोडगा तिनेच काढला : पाहुणे असेपर्यंत पाय समोरच्या स्टुलावर, टाच टेकवून, गुडघा अधांतरी. गप्पा जितक्या लांबतील तितकं बरं.

झोप अजून नाही. दोन-अडीचला उठते, खोलीत वॉकरचा आवाज येतो. मीही उठतो, चहा होतो.

३० जुलै

पावसाने फिजिओथेरपीची मुलगी आठवडाभर येऊ शकली नाही. सांगलीत लोक आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी तासातासाला विचारत होते. व्यायाम कागदावर लिहिलेले होते, ते आम्ही केले. आज मिरजेला दाखवून आलो.

सरळ : ३ कमी. वाकणे : १०८.

वॉकर बंद, काठी सुरू. काठी डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या उलट बाजूला. ऐकायला विचित्र, पण चालताना उलटा हात आणि पाय बरोबरच पुढे जातात, त्यामुळे भार नीट वाटला जातो. वाटेत भेटलेल्या तिघांनी तरी "काठी चुकीच्या हातात धरलीय वहिनी" म्हणून सुधारणा केली.

नव्या फोटोत रेषा गुडघ्याच्या मधोमध. उजवा पाय सरळ, डावा अजून कमान. दोन पायांची लांबी वेगळी वाटते अशी तिची तक्रार त्यामुळेच आहे. तूर्त डाव्या चपलेत पातळ सोल टाकला.

८ सप्टेंबर

ऋषिपंचमी, तासगावच्या गणपतीचा रथ. आमचा दीड दिवसाचा गणपती. दोरखंड ओढायला अख्खा तालुका रस्त्यावर असतो. सांध्याची हरकत नव्हती, गर्दी आणि गुलालाने निसरडा झालेला रस्ता याची होती. ओळखीच्यांच्या माडीवरून पाहिला. माडीचे जिने ती चढली, एकाआड एक पाय टाकत, दैत्य-देव न करता. उतरताना सरळ तोंडाने उतरली. मी पुढे होतो, म्हणजे पडलीच तर माझ्यावर. ती म्हणाली, "बाजूला व्हा की, समोरचं दिसेना."

काठी घरी विसरली होती हे परत आल्यावर कळलं.

१३ ऑक्टोबर

बागेची छाटणी चालू. डबा घेऊन स्वतः बांधापर्यंत आली. ढेकळांत जायची नाही, एवढं मान्य केलंय.

सरळ : ०. वाकणे : ११८.

तिच्या शंका आणि उत्तरं, इतरांना उपयोगी पडतील म्हणून. जखमेच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढा पट्टा बधिर आहे : चीर देताना कातडीची एक बारीक नस तुटतेच, पट्टा आकसत जातो, थोडा कायमचाही राहतो. गुडघा डाव्यापेक्षा गरम लागतो : काही महिने लागतो. मात्र लाली, ताप, जखमेतून पाणी असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. कट् असा आवाज येतो : धातू आणि प्लॅस्टिकचा, दुखत नसेल तर दुर्लक्ष. मांडी घालून बसायचं का : सांधा करू देईल तेवढं, पण रोजचं खाली बसणं सर्जनना नकोय. देवापुढे तिच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. पहिले चार दिवस तिने ती देवाला पाठ येईल अशी फिरवून ठेवली होती, राग म्हणून.

किती टिकेल, हे मी विचारलं. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात, बसवलेल्या सांध्यांची नोंदणी ठेवणाऱ्या देशांचा आढावा आला होता : शंभरातले साधारण ८२ सांधे २५ वर्षांनीही चालू होते. ही चौसष्ट वर्षांची आहे. हिशेब तिने मनात केला आणि म्हणाली, "मग बास की."

८ डिसेंबर

डाव्याची पूर्वतयारीची भेट. डावा : सरळ ९ कमी, वाकणे ११०. तीन महिन्यांची साखर ७.२.

फेब्रुवारीची तारीख देत होते. हिने साफ नाही म्हटलं. फेब्रुवारीत द्राक्ष शेडवर येतं, मजुरांचा चहा-नाश्ता, निवडणी, मोजणी कोण बघणार? मी बघेन म्हटलं, तर सर्जनसमोरच हसली. तारीख २२ एप्रिल ठरली. उंच सीट आणि वॉकर माळ्यावरून काढायचे आहेत. न्हाणीघराची फळी परत लावलीच नव्हती. मेहुणीला आत्ताच कळवलंय आणि भिंतीवरचा कागद तसाच ठेवलाय.